सोलापुरातल्या नेटवर्किंगवाल्यांना खुलं पत्र : लाईट दाखवू नका, आकडा दाखवा

प्रति,
सोलापुरातले समस्त नेटवर्किंगवाले, केबलिंगवाले, कॅमेरे लावता लावता स्विचपण लावून देणारे आणि लीज लाईन (कारखान्यासाठी राखीव इंटरनेट जोडणी) विकणारे दादा लोक

विषय : बिलासोबत मोजमापाचा कागद जोडण्याबाबत

नमस्कार मंडळी,

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटर, बायोमेट्रिक असलं सगळं बघते. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात, "त्या लई प्रश्न विचारणाऱ्या मॅडम" म्हणून, आणि माझं नाव निघालं की कोटेशनमधे दोन टक्के वाढवतात असंही कानावर आलंय. वाढवा. पण मग त्या दोन टक्क्यांत मला जे पाहिजे ते तरी द्या.

भांडायला लिहीत नाहीये. तुमची पोरं मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या शेडवर चढून केबल ओढतात, ते मी बघितलंय, तिथं मी पाच मिनिटं उभी राहू शकणार नाही. ओढण्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती काम संपल्यावर जे होतं त्याबद्दल. पोरगा स्विचपाशी (सगळ्या केबली जिथं जोडतात त्या डब्यापाशी) नेतो, बोट दाखवतो, "मॅडम, लाईट लागली की, टेन जी आलंय बघा", (टेन जी म्हणजे सेकंदाला दहा गीगाबिट, १० जीबीपीएस) मग खिशातला मोबाईल काढतो, वायफायवर स्पीडटेस्ट लावतो, काटा गरागरा फिरतो, त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअपवर येतो आणि दुसऱ्या दिवशी बिल. अहो, काम केलंय ऑफिस ते शेड फायबरचं, आणि पुरावा देताय मोबाईलच्या वायफायवरून बाहेरच्या इंटरनेटचा? त्या टेस्टचा डेटा त्या फायबरवरून गेलाच नाही ना!

लाईटचा अर्थ एवढाच की दोन्ही टोकांना एकमेकांचा सिग्नल दिसतोय आणि बोलायचा वेग ठरलाय. त्या वेगानं माल खरंच पोचतोय का, वाटेत किती सांडतोय, सांडलेला परत पाठवण्यात किती वेळ जातोय, ह्यातलं काहीही त्या हिरव्या दिव्याला माहीत नसतं. आमच्या धंद्यात लेबलवर ५०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) छापलं म्हणून बायर माल उचलत नाही, तो टॉवेलमधून गोल तुकडा कापतो, काट्यावर ठेवतो आणि मग बोलतो. तुमच्या धंद्यात काटा फुकट मिळतो, आयपर्फ नावाचा प्रोग्रॅम, दोन कॉम्प्युटर लागतात आणि दहा मिनिटं, तरी कोणी तो काढत नाही ह्याचं मला खरंच नवल वाटतं.

आता एक किस्सा सांगते, नाव कुणाचं घेणार नाही, ज्याचं आहे त्याला कळेल.

नव्या शेडला १० जीचं फायबर टाकून घेतलं. डिझाईनवाली मंडळी शेडच्या वरच्या मजल्यावर बसतात, जॅकार्डची डिझाईनं, कॅटलॉगचे फोटो, सगळं ऑफिसमधल्या सर्व्हरवर. काही दिवसांनी त्यांची कुरकुर सुरू झाली की फाईल उघडते पटकन पण सेव्ह करताना जीव जातो. काम केलेल्या पार्टीला फोन केला तर उत्तर तयार होतं, "लिंक ओके आहे मॅडम, लाईट आहे, तुमचा सर्व्हर स्लो आहे, एसएसडी टाका", आणि संध्याकाळपर्यंत एसएसडीचं कोटेशनपण मेलवर हजर, लिंक बघायला मात्र कोणी आलं नाही.

मी दोन मशीन घेतल्या, एक सर्व्हर रूमच्या स्विचला, एक शेडच्या स्विचला, आणि आयपर्फ३ चालवलं. ऑफिसकडून शेडकडं ९.४१ जीबीपीएस, एकदम सरळ रेषा, हलत नाही. मग मायनस आर लावून उलटं केलं, म्हणजे शेडकडून ऑफिसकडं, तर आकडा दोन आणि तीनच्या मधे नाचतोय आणि पाठवणाऱ्या मशीनच्या स्क्रीनवर रिट्रान्समिटच्या (हरवलेली पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, परत पाठवल्याच्या) रकान्यात दर सेकंदाला शेकड्यानं भर पडतीय. सर्व्हरच्या डिस्कचा इथं काही संबंधच नाही, आयपर्फ डिस्कला हातसुद्धा लावत नाही, मेमरीतून पाठवतो आणि मेमरीत घेतो. मग ऑफिसच्या स्विचवर त्या पोर्टचे काउंटर बघितले, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या पॅकेटची मोजणी) वाढत चाललेत. एसएफपी मॉड्युलचं (फायबर स्विचला जोडणाऱ्या छोट्या तुकड्याचं) रिसीव्ह पॉवर, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाची ताकद, बघितलं, शेडच्या टोकाला उणे ४ डीबीएमच्या (उणे जितकं जास्त तितका प्रकाश कमी) आसपास, चांगलं, आणि ऑफिसच्या टोकाला उणे १४ च्याही खाली. १० जीच्या एलआर (लांब पल्ल्याच्या) मॉड्युलला किमान उणे १४.४ तरी मिळालं पाहिजे असं स्टँडर्ड सांगतं, म्हणजे आमचं काठावर लोंबकळत होतं.

फायबरमधे जायची काच वेगळी आणि यायची काच वेगळी, त्यामुळे एकच दिशा मार खात होती. शेडच्या रॅकमधला पॅच कॉर्ड (छोटी जोडकेबल) काढून छोट्या स्कोपखाली धरला, फेरूलच्या (कॉर्डच्या टोकाच्या नळीच्या) तोंडावर रुई. आमच्याच शेडमधली, लूमवरून उडणारी. सिंगलमोड फायबरचा कोअर (प्रकाश जायचा मधला भाग) ९ मायक्रॉनचा आणि कापसाचा एक तंतू साधारण ११ ते २२ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे एक तंतू आडवा पडला तरी दार बंद. ज्यानं कॉर्ड लावला त्यानं टोपण काढून तो बहुतेक तसाच लूमच्या हवेत धरून ठेवला असणार, नाहीतर शर्टाच्या टोकानं पुसला असणार, ही सवय तर मी डोळ्यानं बघितलीय. क्लिकवाल्या क्लीनरनं दोन्ही टोकं पुसली, पॉवर उणे ५ वर आलं, उलट्या दिशेचा आकडापण ९.४१, रिट्रान्समिट शून्य. एसएसडी घेतल्या नाहीत.

ह्यात मला राग कशाचा आला माहितीय? हँडओव्हरच्या दिवशी दोन्ही दिशेनं एकेक मिनिट आयपर्फ चालवलं असतं तर तुमच्या पोराच्या समोरच हे दिसलं असतं आणि त्यानं तिथल्या तिथं पुसून दिलं असतं. ते नाही झालं म्हणून डिझाईनवाल्यांनी सेव्हचं बटण दाबून चहा पिऊन यायचं आणि मी सर्व्हरवर संशय घ्यायचा, असं चाललं. एका दिशेची टेस्ट ही टेस्टच नाही हो. सोलापुरात निम्म्या कारखान्यांत रुई उडतीय, टोपण आणि क्लीनर हे तुमच्या बॅगेत पक्कडीच्या आधी असायला पाहिजे.

बरं, आता ९.४१ का, १० का नाही, हे पण एकदा सांगून टाकते, कारण इथं तुमचीपण फसगत होते आणि आम्हा गिऱ्हाइकांचीपण. गिऱ्हाईक म्हणतो पूर्ण हजार दे, तुम्ही म्हणता देतो की, आणि मग आयपर्फमधे ९४१ दिसलं की तो म्हणतो ५९ खाल्ले. कोणी खाल्ले नाहीत. एका पॅकेटमधे जास्तीत जास्त १५०० बाईट, त्यातले २० आयपीच्या (पत्त्याच्या) हेडरला, २० टीसीपीच्या (डेटा पोचला का ते बघणाऱ्या पद्धतीच्या), आणि १२ टाईमस्टॅम्पला, लिनक्सवर ते चालूच असतात, उरले १४४८. ह्या १५०० ला बाहेरून इथरनेटचं वेष्टण, १४ बाईट हेडर, ४ बाईट तपासणीचे, पुढं ८ बाईट प्रिअॅम्बल आणि दोन फ्रेमच्या मधे १२ बाईटचं रिकामं अंतर, ते सक्तीचं, म्हणजे वायरवर एका पॅकेटची जागा १५३८ बाईटची. १४४८ भागिले १५३८, ९४.१५ टक्के. म्हणून १ जीवर ९४१ एमबीपीएस, २.५ जीवर २.३५ जीबीपीएस, १० जीवर ९.४१. ह्याच्या बराच वरचा आकडा कोणी दाखवला तर आधी विचारा की जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) चालू आहे का, ९००० च्या एमटीयूवर (एका पॅकेटचं कमाल माप) हिशोब ९९ टक्क्यांपर्यंत जातो, ९.९ जीबीपीएस. आणि जम्बो ठेवायचं असेल तर वाटेतला प्रत्येक स्विच आणि दोन्ही टोकाच्या मशीन, सगळीकडं ठेवा, मधे एकानं नाही म्हटलं की छोटी पॅकेट जातात, मोठी गायब होतात आणि पिंग (छोट्या पॅकेटची तपासणी) बघून वाटतं सगळं छान चाललंय.

उलट आकडा ९४.१ आला, दशांशचिन्ह एक घर डावीकडं, तर काय झालंय ते मी फोनवरच सांगू शकते. लिंक १०० एमबीपीएसवर पडलीय. गीगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणजे क्रिम्पिंगमधे एखादी तार बसली नाही नाहीतर उंदरानं कुरतडली. हा फॉल्ट लाईट बघून सापडतो खरा, पण लाईटचा रंग कोण बघतं.

एमबीपीएस आणि एमबी ह्यातला घोळ तर रोजचा. १ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५ एमबी, त्यातले ९४.१५ टक्के म्हणजे ११७ आणि थोडं, आणि विंडोज १०२४ च्या हिशोबानं मोजतं म्हणून कॉपीच्या खिडकीत दिसतात ११२. तर १ जीच्या लिंकवर विंडोजमधे ११२ दिसले की लिंक पूर्ण चालतीय, मॅनेजर साहेबांनी ओरडू नये. आमचे साहेब ओरडले होते. त्यांना वाटलं ११२ म्हणजे १००० पैकी ११२.

पण फाईल कॉपी करून १० जीची लिंक मोजायला जाऊ नका. साधी हार्ड डिस्क सलग मोठी फाईल वाचताना फार तर दीडशे ते अडीचशे एमबी देते, म्हणजे दोन जीबीपीएससुद्धा जेमतेम. साटा एसएसडीची धाव साडेपाचशेच्या आसपास संपते, म्हणजे साडेचार जीबीपीएस. दहा भरायचे तर दोन्ही टोकांना एनव्हीएमई (त्याहून वेगवान एसएसडी) पाहिजे, तेपण फाईल मोठी असेल तर. आमच्याकडं डिझाईनच्या एका फोल्डरमधे हजारो बारक्या फाईली, प्रत्येकीला उघड, लिही, बंद कर, परवानगी तपास असं चालतं, तिथं १० जी असो की १०० जी असो, रांग ती रांगच. वर विंडोज सुरुवातीला कॅशमधे लिहून मोकळं होतं, आलेख आभाळात जातो आणि मग धपकन खाली येतो, काही हुशार लोक नेमका त्या पहिल्या तीन सेकंदांचा स्क्रीनशॉट पाठवतात. मला सगळं कळतं हो.

आता मोजायच्या मशीनबद्दल. हे मी जरा लांबवणार आहे, कारण तुमच्यातल्या चांगल्या लोकांचीसुद्धा इथं गडबड होते. लिंक मोजायच्या आधी दोन्ही मशीन एका छोट्या चांगल्या कॉर्डनं समोरासमोर जोडा आणि टेस्ट घ्या. तिथं ९.४१ आलं नाही तर दोष आमच्या फायबरचा नाही, तुमच्या मशीनचा आहे आणि ती घेऊन शेडभर फिरून उपयोग नाही. एका कामावर असंच झालं, साडेतीनच्या आसपास आकडा अडकला होता, दोन्ही दिशेनं, काउंटर स्वच्छ, पॉवर चांगलं. कार्ड १० जीचं, पण ज्या स्लॉटमधे ठोकलं होतं तो लांबीला मोठा आणि आत लेन (डेटाची वाट) एकच, पीसीआयई २.० ची. त्या एका लेनमधून कागदावरच ४ जीबीपीएस जातं. कार्ड दुसऱ्या स्लॉटमधे घातल्यावर आकडा नीट आला. त्याआधी स्विच बदलायचं ठरत होतं!

आयपर्फ३ ची पण एक खोड आहे. ३.१६ च्या आधीच्या व्हर्जनमधे मायनस पी आठ (म्हणजे एकाच वेळी आठ स्ट्रीम, आठ कनेक्शन) दिलं तरी आठही स्ट्रीम सीपीयूच्या एकाच कोअरवर रांग लावायचे, १० जीला बहुतेक वेळा चालून जातं, २५ किंवा ४० जीला तो कोअरच दमतो आणि बोल लागतो लिंकला. तेव्हा नवं व्हर्जन ठेवा, टेस्ट चालू असताना टास्क मॅनेजरमधे एकेका कोअरचा वापर बघा, नुसती सरासरी नको, आठ कोअरमधला एक शंभरावर असला तरी सरासरी तेरा टक्के दाखवते. विंडोजवरच मोजायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं एनटीटीटीसीपी वापरा, नाहीतर पेनड्राईव्हवर लिनक्स घेऊन या, माझी हरकत नाही. आणि कृपा करून यूडीपीची (पोच न मागता पाठवायच्या पद्धतीची) टेस्ट लावताना मायनस बी (पाठवायचा वेग) द्या, न देता चालवलं तर आयपर्फ३ एका एमबीपीएसवरच पाठवतं, आणि मग "लॉस शून्य" असा कागद मला देऊ नका.

दोन वायरींची जोडी करून "दोन जीबी करून दिलं" म्हणणाऱ्यांना पण एक सांगायचंय. लॅग (अशी जोडी) केलं की स्विच प्रत्येक कनेक्शनला हॅश (पत्त्यावरून काढलेला आकडा) लावून एका वायरवर बसवतो आणि ते कनेक्शन शेवटपर्यंत तिथंच राहतं. दहा लोक काम करत असतील तर भार वाटला जातो, चांगली गोष्ट आहे, एक वायर तुटली तर दुसरी चालते, तीपण चांगली. पण एकाच मशीनवरून एका फाईलची कॉपी ९४१ च्या वर जाणार नाही. हे विकतानाच सांगत जा.

कॅट सिक्सवर १० जी ५५ मीटरपर्यंत, त्यापुढं शंभर मीटरपर्यंत सिक्स ए पाहिजे. आमच्या शेडची एक भिंत ते दुसरी भिंत धरली तरी ५५ च्या पुढं जातं, वरखाली वेगळं. "चालतंय की मॅडम" हे उत्तर नको, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत चाललेलं एप्रिलच्या उन्हात चालेलच असं नाही, १० जीचं कॉपर मॉड्युल तर नुसतं बसल्या बसल्या चटका बसेल इतकं तापतं आणि तुम्ही त्याला बंद पेटीत, पंख्याशिवाय, बॉयलरच्या भिंतीला लावून ठेवता. आणि ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल. तार खरवडली की आत पांढरी निघते. त्यावर मी काही लिहीत नाही, ती आमच्या गेटच्या आत येऊ देणार नाही एवढंच.

कॅमेरेवाल्या दादांसाठी. चौसष्ट कॅमेरे, एकेक ४ एमबीपीएस धरला तर २५६ एमबीपीएस, हे सगळं ज्या १ जीच्या अपलिंकवरून (मुख्य स्विचकडं जाणाऱ्या वायरीवरून) जातं त्याच अपलिंकवर बिलिंगपण आहे आणि पॅकिंगचे बारकोडपण. लिंक रिकामी असताना घेतलेला आकडा माझ्या कामाचा अर्धाच. कारखाना चालू असताना, कॅमेरे रेकॉर्ड करत असताना, मोटारी फिरत असताना घ्या. खास करून कॉपर केबल जर मोटारीच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली असेल तर, रविवारी सगळं बंद असताना ती केबल फार गुणाची वागते.

फायरवॉल विकणाऱ्यांनो, पत्रकातला मोठा आकडा मोठ्या पॅकेटवर आणि सगळी तपासणी बंद ठेवून काढलेला असतो, हे तुम्हालापण माहितीय, मलापण. १० जीवर मोठ्या फ्रेम असतील तर सेकंदाला आठ लाख बारा हजारच्या आसपास फ्रेम हाताळायच्या, तेच सगळ्या ६४ बाईटच्या छोट्या असतील तर एक कोटी ४८ लाख ८० हजार. वेग तोच, काम अठरा पट. म्हणून १९९९ च्या आरएफसी २५४४ मधे (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) ६४ पासून १५१८ पर्यंत सात वेगवेगळ्या मापांच्या फ्रेमनी मोजायला सांगितलंय. तेवढं सगळं करा असं मी म्हणत नाही, पण मला आमच्या नियमांसकट, अँटीव्हायरस तपासणी चालू ठेवून आकडा दाखवा, मग तो पत्रकाच्या निम्मा आला तरी मी तो मान्य करीन कारण तो खरा असेल.

लीज लाईनवाल्यांचं वेगळं दुखणं आहे. १ जीबीपीएसची लाईन, स्पीडटेस्ट लावली की ९३०, ९४०, आणि आमचा बॅकअप मुंबईच्या सर्व्हरवर जाताना पन्नासावर अडकलेला. तुम्ही म्हणता लाईन बरोबर, आणि खरंच बरोबर होती. स्पीडटेस्ट जवळच्या सर्व्हरला, बऱ्याचदा तुमच्याच जाळ्यातल्या, एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून मोजते. आमचा बॅकअप एकाच कनेक्शननं जातो. सोलापूर ते मुंबई चारशे किलोमीटर, फायबरमधे प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन यायलाच ४ मिलिसेकंद, केबल सरळ जात नाही आणि मधे यंत्रं बसलीत म्हणून प्रत्यक्षात दहाच्या आसपास. १ जीबीपीएस गुणिले १० मिलिसेकंद, सव्वा एमबी, एवढा डेटा सतत वाटेत असला तरच पाईप भरलेला राहतो. आमच्या जुन्या बॅकअप बॉक्सची विंडो (पोच यायच्या आधी पाठवता येणारा डेटा) ६४ केबीच्या वर जात नव्हती. ६४ केबी पाठव, पोच यायची वाट बघ, परत ६४ केबी. १० मिलिसेकंदाला हिशोब केला की ५२ एमबीपीएस. लाईन १० जीची घेतली असती तरी ५२ च! तुमच्या सपोर्टच्या पोरानं मला "प्लॅन अपग्रेड करा" असं सांगितलं, त्याऐवजी एक स्ट्रीम आणि आठ स्ट्रीम अशी दोनदा टेस्ट घेतली असती तर एका मिनिटात कळलं असतं, एकाला ५० आणि आठाला ४०० आले की लाईन निर्दोष, दोष विंडोचा. एकाच टेस्टमधे सगळं मावत नाही. टीसीपी असं नीट मोजायचं कसं ह्यावर २०११ चा आरएफसी ६३४९ आहे, सपोर्टवाल्यांना एकदा वाचायला द्या.

तर मला कागदावर काय पाहिजे ते सांगते, फार नाही. टेस्टची मशीन कुठं ते कुठं लावली होती, मधे कुठले स्विच. समोरासमोर जोडून आलेला आकडा, तो आधी. मग लिंकवर एक स्ट्रीम, एक मिनिट, जाताना आणि येताना, आणि चार स्ट्रीम, तसंच, आणि दोन्ही बाजूनी एकदम. पहिले काही सेकंद मायनस ओ देऊन सोडून द्या, टीसीपी तेव्हा वेग पकडत असतो. प्रत्येक सेकंदाची ओळ पाहिजे, नुसती शेवटची सरासरी नको, कारण दर वीस सेकंदांनी एकदा शून्यावर जाणारी लिंक सरासरीत छान दिसते आणि आमचा बारकोड स्कॅनर नेमका त्या शून्याला मरतो. रिट्रान्समिटचा आकडा. टेस्टच्या आधीचे आणि नंतरचे सीआरसी काउंटर, दोन्ही टोकांचे. फायबर असेल तर दोन्ही टोकांचं रिसीव्ह पॉवर, डीबीएममधे. एमटीयू किती ठेवला. तारीख, वेळ, आणि कारखाना चालू होता की बंद.

काउंटरवर एखाददुसरी एरर दिसली म्हणून मी भांडणार नाही, घाबरू नका. १० जीच्या स्टँडर्डलाच एक लाख कोटी बिटांमागे एक चूक मंजूर आहे, पूर्ण वेगानं चालवली तर शंभर सेकंदाला एक. चांगल्या लिंका त्याहून खूप बऱ्या चालतात. पण मिनिटाला शेकडो एरर आणि तुम्ही म्हणता "टीसीपी परत पाठवतं ना, पोचतं शेवटी", तर तो कागद परत येईल.

तुम्ही म्हणाल मॅडम, ह्याला वेळ कोण देणार, पार्टी तर पाचशे रुपयांसाठी रेट पाडते. खरंय. आमच्याकडचे शेठ लोकपण केबल मीटरवर घेतात आणि तुमच्या डोक्याचे पैसे द्यायला कां कूं करतात, ते मी आत बसून बघते आणि त्यावर आत भांडतेपण. म्हणून म्हणते, ही टेस्ट कोटेशनमधे वेगळी ओळ म्हणून लिहा, "मोजमाप व अहवाल", समोर तुमचा दर. मी ती ओळ कापू देणार नाही. दोन छोटी मशीन आणि कार्डं एकदा घेतलीत तर वर्षानुवर्षं चालतील, मला तरी महागडा टेस्टर नकोय, तो ज्याला परवडतो त्यानं आणावा, उत्तमच.

दिवाळीनंतर आमच्या तिसऱ्या शेडचं काम निघतंय, ऑफिसपर्यंत २५ जी आणि आतमधे १० जी. पर्चेस ऑर्डरमधे एक अट घालून घेतलीय, शेवटचे दहा टक्के वरचा कागद आल्यावर, आणि तो आकडा आमच्याकडचं कोणीतरी तुमच्या समोर परत घेऊन बघणार. अट आत्ताच सांगतीय, नंतर "आधी बोलला नव्हता" नको. कोटेशन पाठवा, सोबत तुम्ही आधी केलेल्या कुठल्याही एका लिंकचा असा कागद नमुना म्हणून जोडा, पार्टीचं नाव खोडून टाका. ज्यांच्याकडं अजून असा एकही कागद नाही त्यांनी एखाद्या शनिवारी दुपारी, शिफ्ट बदलताना, मशीन घेऊन आमच्याकडं यावं, जुन्या शेडची लिंक मोकळी करून देते, मोजून बघा. येताना क्लीनर आणा, रुई आमच्याकडं भरपूर आहे.

आपली,
चिंचोळीतली कॉम्प्युटरवाली मॅडम